थंड दारातलं रोप

८ ऑगस्ट

साहेबांनी आज बोलावून घेतलं. "बसा बाई," म्हणाले तेव्हाच ओळखलं की नको ते ऐकायचं आहे. चांगली बातमी ते दारात उभ्याउभ्याच देऊन टाकतात.

"तुमच्या त्या वांझ टोमॅटोचं काय करायचं?"

माझ्या टोमॅटोचं. दोन वर्षांपूर्वी आमच्या बियाणं संशोधन केंद्राच्या वाफ्यात मला हे एक रोप सापडलं. फुलं भरपूर, दिसायलाही देखणी. पण फुलाच्या मधोमध पुंकेसरांचा जो पिवळा सुळका असतो, तो नखावर झटकला तर काहीच पडत नाही. चांगल्या फुलातून पिवळी भुकटी पडते, ती परागकणांची. ह्याच्यात ती तयारच होत नाही. मादीची बाजू मात्र ठणठणीत. दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावले की फळ धरतं, आत बीही भरतं. दोष आहे तो फक्त नराकडे.

आमच्या कामात असला दोष म्हणजे घबाड. संकरित बियाणं करायचं तर एका जातीच्या फुलावर दुसऱ्या जातीचे पराग लावायचे असतात. त्याआधी प्रत्येक कळी उघडून तिचे पुंकेसर चिमट्याने उपटावे लागतात, नाहीतर ती आपल्याच परागांवर फळ धरून मोकळी होते. मी या केंद्रात आले तीच चिमटेवाली म्हणून. माझी मान तेव्हापासून जी दुखते ती दुखतेच. ज्या झाडाला मुळात परागच नाहीत, त्याच्यापुढे कोणाला मान मोडून बसायला नको.

अडचण एवढीच की पराग नाहीत म्हणून त्याला त्याच्यासारखं बीही धरता येत नाही. दुसऱ्याचे पराग लावले की पोरं दुसऱ्याच्या वळणावर जातात. आतापर्यंत फांद्या तोडून, त्यांना मुळं फोडून आम्ही त्याचा वंश चालवला. पण कलमातून रोगही पुढे सरकतो. यंदाची रोपं पहिल्याच्या निम्म्यानेही जोमदार नाहीत.

"डिसेंबरअखेर तुमचं काचघर काकडीवाल्या गटाला द्यायचंय," साहेब म्हणाले. "तोवर या झाडाचं स्वतःचं बी दाखवा, मी वरच्यांशी भांडतो. नाहीतर उपटून टाकू."

मी हो म्हणाले. नाही म्हणायला काहीतरी दुसरं सुचावं लागतं.

म्हणून ही वही. प्रयोगाच्या तक्त्यात आकडे भरता येतात, पण 'आज धीर सुटला' असं लिहायला रकाना नसतो.

११ ऑगस्ट

वन्सं आल्या होत्या. माझ्या नणंदेचा एक गुण आहे, चप्पल काढायच्या आत विषयाला हात घालतात. सुनेच्या हातून पाण्याचा पेला घेतला आणि विचारलं, "मग, काही विशेष?"

सून म्हणाली, "विशेष म्हणजे आज नळाला पाणी जोरात होतं."

वन्सं हसल्या नाहीत. मला हसू आलं, पण मी ते दाबलं. लग्नाला चार वर्षं झाली, विचारणारे विचारणारच. त्यांनी पाणी तरी आधी प्यावं एवढंच.

त्या गेल्यावर भांडी आवरताना मी सुनेला म्हणाले, "वन्संचं सोड. पण एकदा चांगल्या डॉक्टरीणबाईंना दाखवून घे."

"दाखवलंय, आई. माझं सगळं ठीक आहे."

"मग दुसरीला दाखवू."

तिने एकच ताट दोनदा पुसलं. बाहेर मुलगा पेपर घेऊन बसला होता. इतका शांत की पान उलटल्याचाही आवाज नाही.

डॉक्टरांचंही काही खरं नाही. सगळं ठीक असेल तर अडतंय कुठे?

१९ ऑगस्ट

आज सुरीने कळ्यांचे काप दाखवले. सुरी म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतली मुलगी. कांद्याच्या पापुद्र्यालाही लाज वाटेल असे काप काढते म्हणून सगळे तिला सुरीच म्हणतात, साहेबसुद्धा.

परागकोश आडवा कापला की मायक्रोस्कोपखाली फुलपाखरासारखा दिसतो. चार कप्पे असतात. कळी मोहरीएवढी असतानाच प्रत्येक कप्प्यात काही पेशी वेगळ्या निघतात, पुढे पराग व्हायचे ते त्यांच्यापासून. त्यांच्या भोवती भिंतीचे थर, आणि सगळ्यात आतला थर भरवणारा. आम्ही त्याला पोषक थर म्हणतो. आतली पेशी दुभंगते, पुन्हा दुभंगते, आणि चार चिमुकले दाणे एका वेष्टनात चिकटून बसतात. पोषक थर ते वेष्टन विरघळवून त्यांना मोकळं करतो, खाऊपिऊ घालतो, अंगावर कवच चढवतो. काम झालं की स्वतः विरून जातो. मग कोश वाळतो, फाटतो, भुकटी बाहेर.

आमच्या झाडात चार दाण्यांपर्यंत सगळं सुरळीत आहे. पुढे हा थर विरायचं नावच घेत नाही. फुगत जातो आणि ज्यांना जगवायचं त्यांनाच चेपून टाकतो.

सुरी म्हणाली, "बाई, हा कसला वाढपी? पाहुण्यांना वाढायचं सोडून स्वतःच पानावर बसलाय."

"पानावर नाही, पाहुण्यांच्या मांडीवर," मी म्हटलं.

बिचाऱ्याला वाटत असेल, आपण अजून लागतो.

२७ ऑगस्ट

रोपं मरगळली आहेत. काचघरात सगळ्यात उबदार टोकाला हलवली, गारव्याच्या पंख्याची झुळूक पोचत नाही तिथे. खत वाढवलं. जमेल तेवढे लाड करायचे.

मुलगाही मरगळलेला दिसतो. डबा दुप्पट भरून दिला तर अर्धा परत आणला. "आई, मला एवढं लागत नाही." लागत नाही कसं? दिवसभर पावाच्या भट्टीसमोर उभा असतो, आच अंगातलं सगळं शोषून घेते.

५ सप्टेंबर

काचघराला लागून बियाण्यांची थंड खोली आहे. तिच्या बाहेरच्या दाराचा दट्ट्या मोडलाय, म्हणून ते आपटतं. माळीदादांनी त्याच्या फटीत एक कुंडी लावून ठेवली आहे. गेले कितीतरी दिवस मी त्या कुंडीला ओलांडून जाते आहे. आज पदर अडकला म्हणून खाली पाहिलं.

कुंडीत टोमॅटोचं रोप आणि त्याला दोन टोमॅटो.

"दादा, ही कुंडी कोणाची?"

"दाराची."

"दाराची म्हणजे?"

"दार आपटतं म्हणून लावलीय. तुमच्याच कलमांतली, तुम्हीच टाकून द्या म्हणालात. जड होती, म्हटलं वाया कशाला घालवायची."

"कधीपासून आहे इथे?"

"पावसाळी छत्र्या काढल्या त्याच्या आसपास."

"आणि पाणी?"

"येता-जाता घालतो. दाराला लावली म्हणून काय झालं, तहान तर लागणार."

मी तिथेच खाली बसले. एक उमललेलं फूल तोडून नखावर झटकलं. पिवळं पडलं. पुन्हा झटकलं. पुन्हा पिवळं.

दादांना आधी ओरडले, मग चहा पाजला. दोन्ही कशासाठी ते त्यांना कळलं नाही. मलाही नीटसं सांगता आलं नसतं.

६ सप्टेंबर

रात्रीची झोप झाल्यावर मात्र शंकेने घेरलं. पाटी बदलली असेल. कोणाचं तरी साधं रोप माझ्या कलमांत मिसळलं असेल. सुरीने ते पराग लाल रंगात बुडवून पाहिले. जिवंत दाणा रंग पितो, मेलेला फिका राहतो. सगळे लालबुंद.

साहेब म्हणाले, "हे तुमचंच झाड आहे कशावरून?"

रास्त प्रश्न. पण ते माझंच असेल तर? काचघरात बारा महिने एकसारखी ऊब, आणि त्या दारातून मात्र सारखी गार हवा येते. उबेत हा थर बिघडत असेल आणि गारव्यात शहाण्यासारखा वागत असेल तर?

उद्या अदलाबदल करणार. लाडाची रोपं थंड दारात, आणि दाराच्या रोपाची दोन कलमं उबेत.

१८ सप्टेंबर

थंड दारात ठेवलेल्या रोपांना रोज नवी फुलं येतात. रोज त्यांचे पराग तपासते. फिके. सगळे चेपलेले, फिके, मेलेले.

म्हणजे ते दाराचं रोप माझं नव्हतंच.

 काकडीवाले येऊन काचघराची लांबी-रुंदी मोजून गेले. मला नमस्कारही केला. माणसं चांगली आहेत, तेच जास्त लागतं.

२० सप्टेंबर

घरात वेगळंच. मुलाने भट्टी सोडली.

बेकरी नाही सोडली, भट्टी सोडली. आता म्हणे सकाळी गाडीवरून पाव पोचवणार आणि दुपारी दुकानात बसणार. ज्याला त्याच्या वडलांनी भट्टीचा रंग बघून आच ओळखायला शिकवली, तो पिशव्या पोचवणार.

"काय झालं? मालकाशी वाजलं का?"

"नाही गं. उकडतं."

"इतकी वर्षं नाही उकडलं?"

"आता उकडतं."

त्याचं काही दिवस विचित्रच चाललंय. गार पाण्याने आंघोळ करतो. एरवी मापाच्या घट्ट पँटी घालून ऐटीत फिरणारा मुलगा, त्याच्यासाठी सुनेने दोन सैल लेंगे आणले आणि तो ते मुकाट्याने घालतो. मी म्हटलं, "बाहुल्याला आजोबांचे कपडे घातल्यासारखा दिसतोस." कोणी हसलं नाही.

सून म्हणाली, "आई, भट्टी सोडा असं मीच म्हटलं त्यांना."

मला राग आला. चांगल्या कारागिराला गल्ल्यावर बसवून हिला काय मिळालं? तसं बोलून दाखवलं नाही, पण चेहऱ्यावर आलंच असणार. माझ्या चेहऱ्याला गुपित ठेवायची सवय नाही.

२१ सप्टेंबर

चुलत्यांकडच्या लग्नाचं आमंत्रण आलं. वन्संचा फोन. तेच.

२६ सप्टेंबर



आज दुपारी दुसरं काही सुचेना म्हणून सुरीला म्हटलं, थंड दारात हलवलेल्या एका रोपाच्या सगळ्या मापांच्या कळ्या काप. उमलायला टेकलेली, मधली, मोहरीएवढी, सगळ्या. एकाच फांदीवरच्या.

मोठ्या कळीत चेपलेले दाणे. मधल्या कळीत तेच. त्याहून लहान कळीत थर विरत चाललेला आणि दाणे मोकळे, गोल, भरलेले.

आम्ही दोघींनी आळीपाळीने पाहिलं. सुरी म्हणाली, "बाई, ही कळी दारात आल्यावर वाढलीय."

एवढी साधी गोष्ट. फूल आज उमलतं, पण त्याच्या परागांचं भलंबुरं कळी अगदी बारीक असताना ठरून गेलेलं असतं. इतके दिवस मी जी फुलं तपासत होते ती उबेत जन्मलेली होती. त्यांना गारव्यात आणून काय उपयोग, त्यांचं होऊन गेलं होतं. मी जुनं वर्तमानपत्र वाचून आजचा दिवस वाईट म्हणत होते.

रात्री जेवताना सगळं सांगितलं. एरवी माझ्या टोमॅटोच्या गोष्टीला मुलगा "हं" एवढाच भाव देतो. आज घास हातातच राहिला.

"म्हणजे उष्णतेने पराग बनत नाहीत."

"या झाडात नाही बनत."

"आणि गारव्यात नेलं तरी लगेच फरक दिसत नाही?"

"कसा दिसेल? जे आधीच बिघडून तयार आहे ते संपायला हवं ना. मग नवीन येतं ते चांगलं येतं."

"नक्की येतं?"

"लहान कळीत तर आलेलं दिसतंय."

"किती दिवस लागतात?"

"टोमॅटोला तीन-चार आठवडे. ज्याचं त्याचं वेगळं."

त्याने सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "बघा. मी काय सांगत होते?" आणि त्याच्या ताटात भात वाढला. त्याने तो खाल्लाही. मला बरं वाटलं. घरात माझ्या कामाची कोणाला तरी गोडी लागली.

४ ऑक्टोबर

लाल. थंड दारात हलवलेल्या रोपाचं आज उमललेलं फूल, आणि दाणे लाल.

माळीदादांना सांगितलं. म्हणाले, "मग आता दट्ट्या दुरुस्त करून घेऊ का?" म्हटलं, हात तरी लावून बघा.

६ ऑक्टोबर

टोमॅटोचा पराग आपणहून नीट पडत नाही, सुळका थरथरला की पडतो. रानात ते काम भुंगा करतो. पण भुंगा दुसऱ्याचे पराग घेऊन येईल, म्हणून कळ्यांना मलमलीच्या पिशव्या घातल्या आहेत. मग थरथरवायचं कशाने?

मुलाचा बॅटरीवरचा दात घासायचा ब्रश घेऊन गेले. देठाला टेकवला की घूं करतो आणि पिशवीत पिवळी धूळ उडते. सुरी म्हणाली, "बाई, इतका महागडा भुंगा मी पहिल्यांदा पाहिला."

संध्याकाळी घरी नवा ब्रश आणून ठेवला. मुलाने विचारलं, "जुना कुठे गेला?"

"नोकरीला लागला," म्हटलं.

१७ ऑक्टोबर

पिशव्यांच्या आत फळं धरली आहेत. वाटाण्याएवढी. स्वतःच्या परागांवर.

आणि दुसरी बाजूही जुळली. दाराच्या रोपाची जी कलमं उबेत ठेवली होती, त्यांची नवी फुलं आज फिकी निघाली. तेच झाड उबेत वांझ, गारव्यात फळतं. म्हणजे बी करायचं तेव्हा गार ठेवायचं, आणि चिमट्याविना संकर करायचा तेव्हा उबेत न्यायचं. दोन वर्षं मी त्याला ऊब देत होते, खत देत होते, आणि त्यामुळेच त्याचं अडत होतं.

साहेब दारात उभे राहिले. "बाई, काकडीवाल्यांना मार्चपर्यंत थांबा म्हणून सांगितलंय." आणि निघून गेले. बी अजून हातात यायचंय, पण साहेब बसा न म्हणता बोलले.

२ नोव्हेंबर

फळं वाढताहेत. मी रोज दोनदा बघायला जाते. त्याने ती लवकर पिकणार नाहीत, माहीत आहे.

१२ नोव्हेंबर

आज मुलगा केंद्रात आला होता. आमच्या उपाहारगृहाचे पाव आता तोच पोचवतो. पिशव्या उतरवून प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"आई, ते लाल-फिकं दाखव ना."

सुरी जेवायला गेली होती. मी दोन काचपट्ट्या लावून दिल्या, आधी फिकी, मग लाल. तो मोठा गडी खुर्चीत अंग चोरून बसला आणि डोळा लावून पाहत राहिला. फिकी पटकन सोडली. लाल मात्र सोडेना.

"हे मोजता कसे?"

"काचेवर चौकोन आखलेले आहेत बघ. एका चौकोनात लाल किती, फिके किती, ते मोजायचं."

"म्हणजे काउंट. आणि हे हलत नाहीत का?"

"परागकण कुठले हलतात? त्यांना वारा नाहीतर भुंगा नेतो."

"हां," तो डोळा न काढता म्हणाला. "ते वेगळं."

मी पट्टी पुसत होते. पुसायची थांबले.

ते वेगळं. म्हणजे कोणतं?

हलणारं, मोजायचं, चौकोनात बघायचं असं दुसरं काय असतं ते मला शिकवायला नको. माझ्या हयातीतली निम्मी वर्षं मी हेच बघते आहे, फक्त झाडांचं.

त्याचं लक्ष अजून काचेत होतं. बरं झालं. नाहीतर माझा चेहरा त्याला दिसला असता.

"आई, तुमचं ते पहिलं फूल फिकं निघालं तेव्हा तुला वाटलं होतं का, की संपलं?"

"वाटलं होतं."

"मग?"

"मग काय? दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं. ते माझं कामच आहे."

तो हसला. उठताना पाठ सरळ करून उठला, आणि सैल लेंगा सावरत गाडीकडे गेला. मी खिडकीतून पाहिलं. हाक मारावीशी वाटली. जवळ घेऊन सांगावंसं वाटलं, अरे मला आधी का नाही बोललास, मी एवढं बघते, एवढं जाणते. ओठांपर्यंत आलं होतं.

मला कळलं, हे त्याला कळू दिलं नाही.

रात्री झोप नाही. गार पाणी. भट्टी. 'माझं सगळं ठीक आहे,' ती म्हणाली होती, आणि मी तिला दुसरी डॉक्टरीण सुचवत होते. तिने एका शब्दाने त्याच्याकडे बोट दाखवलं नाही. मी बोलले ते झेललं, वन्सं बोलल्या ते झेललं, आणि वर नळाच्या पाण्याचा विनोद केला.

१५ नोव्हेंबर

वन्सं. पेला हातात, चप्पल पायात.

"मग, काही विशेष? नाही म्हणजे, माझ्या ओळखीची एक डॉक्टरीण आहे. वहिनी, तूच घेऊन जा हिला. ही नुसती हो हो म्हणते."

सून स्वयंपाकघराच्या दारात होती. मुलगा बाहेर गाडी पुसत होता, खिडकी उघडी.

मी म्हटलं, "वन्सं, बसा आधी. ते दोघांचं दोघं बघताहेत, आणि नीट बघताहेत. त्यात तुमचंही काम नाही आणि माझंही नाही. आपण आपल्या गुडघ्यांचं बोलू या. तुमचा डावा काय म्हणतो?"

वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांचा पेला हिसकावून घेतला. "मी परकी म्हणून विचारत नाही गं."

"परक्या नाही म्हणूनच सांगते. पुन्हा विचारायचं नाही."

 बाहेर गाडी पुसायचा आवाज थांबला होता. मग वन्सं म्हणाल्या, "डावा बरा आहे. उजवा ठणकतो." आणि पुढे तासभर उजव्याचं ऐकलं. एवढी शिक्षा रास्त होती.

त्या गेल्यावर सुनेने चहा केला. मी मागितला नव्हता. माझ्यासमोर कप ठेवला आणि माझ्या बाजूला येऊन बसली; एरवी समोर बसते. दोघी चहा प्यायलो. तिने साखर विसरली होती. मी तसाच प्यायले.

२९ नोव्हेंबर

पहिलं फळ पिकलं. साहेब, सुरी, माळीदादा सगळे जमले. सुरीनेच कापलं, तो तिचा मान. आत बी होतं. गच्च नाही, पण होतं. भरलेलं.

दादांनी रस लागलेलं बोट चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "चवीला काही खास नाही."

साहेब म्हणाले, "चवीचं पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी, म्हणाले.

११ डिसेंबर

पेरलेलं बी उगवलं. साहेबांनी मार्चनंतरही काचघराचा अर्धा भाग आमच्याकडे ठेवलाय, अर्धा काकडीवाल्यांना. या पोरांना उबेत फुलं आली आणि ती आईसारखीच वांझ निघाली, की मगच काम पुरं झालं म्हणायचं. ते उन्हाळ्यात कळेल. तेव्हा माझ्या निवृत्तीला थोडाच वेळ उरलेला असेल. सुरीला सगळं दाखवून ठेवते आहे, आणि ती माझ्या हातून चिमटा काढून घेते आहे. "बाई, मला करू द्या." देते.

आज सुट्टी. सून म्हणाली, "आई, मी येऊ का बघायला?" कधी आली नव्हती. चष्म्याच्या दुकानात काम करते, तिला वाटलं आमच्याकडेही नुसत्या काचाच असतील.

काचघरात फक्त आम्ही दोघी. ट्रेमध्ये दोन-दोन पानांची रोपं. ती वाकून पाहत राहिली. एका रोपाच्या डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं अडकलं होतं, ते काढायला तिने बोट पुढे केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने अलगद काढलं. तिचा हात हलका आहे.

मग रोपांकडेच बघत म्हणाली, "मंगळवारी यांची पुन्हा तपासणी आहे." आणि थांबली. "मागची पहिल्यापेक्षा बरीच बरी होती. डॉक्टर म्हणाले, आता वाट बघायला हरकत नाही."

कोणते डॉक्टर, बरी म्हणजे किती बरी, त्याला काय खायला द्यायचं, मी एक माणूस ओळखते, असं खताच्या पोत्यासारखं सगळं एकदम जिभेवर आलं. मी ते गिळलं. सोपं गेलं नाही.

"तुला सुट्टी मिळाली का मंगळवारची?" एवढंच विचारलं.

"मिळाली."

"मग ठीक."

तिने विचारलं, "यांना पाणी मी घालू?"

बारीक तोटीची झारी तिच्या हातात दिली, कोणत्या ट्रेला किती ते एकदा सांगितलं आणि बाहेर येऊन उभी राहिले. आतून पाण्याचा आवाज येत होता. जरा जास्तच घालत होती. मी आत गेले नाही.